जबाब मराठीत, कागद कन्नडात: सीमाभागात मार खाणाऱ्या सुनेसाठीच्या सरकारी सेवेचं परीक्षण

निपाणी, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या या पट्ट्यात नांदणाऱ्या मराठी बाईला मारहाणीतून सोडवायला, आणि ती जिवानिशी गेलीच तर मारणाऱ्याला शिक्षा व्हायला जी यंत्रणा आहे, ती सगळी फुकट आहे. फोन फुकट, वकील फुकट, पाच दिवसांचा निवारा फुकट. फुकट म्हणून टाकाऊ मात्र नाही, दोन-तीन ठिकाणी चक्क चांगली आहे. पण कोर्टात शेवटी टिकतं ते पहिल्या काही दिवसांत कागदावर आलेलं, आणि इथे तो कागद बहुतेक वेळा कन्नडात असतो. त्यामुळे इथे प्रत्येक टप्प्याला गुण दिलेत ते तिथून कसला कागद हाती पडतो ते बघून.

आधी फोन. अंगावर हात पडतोय तेव्हा ११२, सल्ला किंवा निवारा हवा असेल तर १८१, वकील हवा असेल तर १५१००. तिन्ही लागतात. अडचण टॉवरची. कोगनोळी-कागलच्या आसपास किंवा चंदगडला लागून असलेल्या गावांत मोबाईल कधी पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि फोन दुसऱ्या राज्यात जाऊन पडू शकतो. म्हणून रडणं, हकीगत, नवऱ्याचं नाव, सगळं मागाहून. पहिलं वाक्य पत्त्याचं: गाव, तालुका, राज्य. ‘कोगनोळी, निपाणी तालुका, कर्नाटक.’ नुसतं ‘कोगनोळी’ म्हटलं की पलीकडचा माणूस जिल्हा शोधत बसतो. फोन कितीला केला ती वेळही लिहून ठेवावी. पुढे ११२ च्या नोंदीचा उतारा मागवता येतो, आणि आरोपीनं ‘आमच्यात कधी वादच नव्हता’ म्हटलं की तो उपयोगी पडतो.

सखी केंद्र, म्हणजे वन स्टॉप सेंटर, ही योजना २०१५ पासून आहे. एका छताखाली दवाखान्याची सोय, पोलिसांत तक्रार द्यायला मदत, समुपदेशन, वकील आणि पाच दिवसांपर्यंत मुक्काम. पुढे राहायचं असेल तर शक्ती सदनात पाठवतात. मुलगा मोठा असेल तर त्याला सोबत ठेवतील का हे फोनवरच विचारावं, मुलांच्या वयाला मर्यादा असते. केंद्र जिल्ह्याच्या गावी. अथणीची बाई दोन लेकरं आणि पिशवी घेऊन, एसटी बदलत बेळगाव गाठणार, तेही नवऱ्याच्या नकळत! यात सेवेचे गुण जातात. तालुक्याला सांत्वन केंद्रं ही कर्नाटकाची जुनी योजना, पण सगळीकडे सारखी चालत नाहीत, आधी चौकशी करून जावं.

सगळ्यात कमी गुण संरक्षण अधिकाऱ्याला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हा माणूस मधला खांब आहे. कर्नाटकात हे काम तालुक्याच्या सीडीपीओकडे, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे दिलंय, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर तालुक्याभरच्या अंगणवाड्या आहेत त्यांच्याचकडे. माणूस वाईट असतो असं नाही, त्याला वेळ नसतो. त्यानं भरायचा पहिला फॉर्म म्हणजे घरगुती घटना अहवाल, डीआयआर. त्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक, आर्थिक आणि हुंड्यावरून होणारा छळ असे भाग असतात आणि प्रत्येकात तारीख, वेळ, जागा, कुणी केलं ते लिहायचं असतं. होतं काय, तर ‘लग्नानंतर वारंवार त्रास’ असं एका ओळीत उरकतात. ती ओळ कोर्टात शून्य. तारीख आठवत नसेल तर सणानं सांगावी, ‘बेंदराच्या आदल्या रात्री’ चालतं. मागितलेले पैसे आकड्यात, कुणाच्या तोंडून मागितले ते नावासकट.

याच कायद्याच्या नियमांत पाचव्या नंबरचा एक फॉर्म आहे: सुरक्षा योजना. काय घडलं, पुढे कशाची भीती वाटते, त्यावर कुठला आदेश हवा. बाईच्या जिवाचा विचार करणारा हा एकमेव छापील कागद, आणि मागितल्याशिवाय बहुधा कुणी काढत नाही. मागावा. ‘गळा दाबला होता’ असेल तर ते इथे पहिल्या रकान्यात आलं पाहिजे. जोडीदारानं एकदा गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका सातपटीच्या आसपास वाढलेला, असं अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे ‘नुसता गळा धरला, सोडला’ म्हणून सोडून देतात. गळ्यावर पहिल्या दिवशी वळ दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, गळा दाबल्याच्या खुणा या असतात.

या ठिपक्यांची नोंद दवाखान्यात होते, आणि सगळ्या साखळीतला सगळ्यात भरवशाचा टप्पा हाच. डीआयआर आणला नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. केसपेपरवर ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवायची वैद्यकीय केस) पडली की डॉक्टरला प्रत्येक जखमेची जागा, सेंटीमीटरमध्ये माप, रंग आणि अंदाजे वय लिहावं लागतं. काळानिळा डाग आधी लालसर, मग निळा, मग हिरवट, शेवटी पिवळा पडत साधारण दोन आठवड्यांत जातो. एकाच अंगावर निळा आणि पिवळा असे दोन डाग असतील तर मार दोनदा झाला असण्याची शक्यता असते, नुसत्या रंगावरून मात्र ते पक्कं ठरत नाही. म्हणून प्रत्येक डाग वेगळा लिहून घ्यावा. बिघडतं ते एका शब्दानं. सासू सोबत आलेली असते, डॉक्टर ‘काय झालं?’ विचारतो आणि उत्तर येतं, ‘पडली.’ ते ‘पडली’ केसपेपरवर गेलं की पाच वर्षांनी बचावाचा वकील तेच वाचून दाखवतो. सोबतच्यांना बाहेर थांबवा असं बाईनं म्हणावं, नर्सनं म्हटलं तर आणखी बरं.

आता कोर्ट. २००५ च्या कायद्याखाली अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठचे महिने होतात, त्यामुळे मूळ अर्जासोबत एकतर्फी अंतरिम आदेशाचं (नवऱ्याची बाजू ऐकायच्या आधीच मिळणाऱ्या तात्पुरत्या आदेशाचं) प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी जोडावं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हाकलता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र.

सीमेची सगळ्यात चांगली सोय इथे आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. सासर खानापूरला आणि बाई माहेरी चंदगडला निघून आली असेल, तर ती जिथे आता राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, आणि तिथून मिळालेला आदेश कर्नाटकातही लागू. छळाच्या फौजदारी तक्रारीचंही तसंच, २०१९ पासून. म्हणजे कागद मराठीत होतो, तारखांना माहेरचं माणूस सोबत येतं. पोलीस ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाची फिर्याद मागावी. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहूनच आलीय. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

ठाण्यात किंवा पंचांपुढे होणारा समजुतीचा कागद हा या सेवेतला न छापलेला भाग. शंभराच्या स्टॅम्पवर ‘यापुढे नीट नांदवीन’. नकोच, पण टळत नसेल तर त्यात मार कधी दिला, किती मागितले, कुणी मागितले हे लिहून घ्यावं. मग तोच कागद पुढे छळाचा पुरावा होतो. ‘किरकोळ गैरसमजातून’ एवढंच लिहिलं असेल तर तो आरोपीचा.

किरकोळवरून आठवलं. कन्नडात छळाला शब्द आहे ‘किरुकुळ’. फिर्याद भरभर वाचून दाखवताना माहेरच्यांच्या कानाला ते ‘किरकोळ’ लागतं आणि ठाण्यातच भांडण जुंपतं. उलटंही होतं: खरंच चुकीचं लिहिलेलं असतं आणि कळत नसल्यानं सही होते. भाजलेल्या बाईच्या जबाबात तर एका अक्षरावर खटला उभा असतो. मराठीत ‘पेटलं’ आणि ‘पेटवलं’, कन्नडात ‘बेंकी हत्तितु’ आणि ‘बेंकी हच्चिदरु’. ती मराठीत बोलली, अर्धवट कळणाऱ्यानं कन्नडात लिहिलं, तर ‘व’ गळायला वेळ लागत नाही. मृत्यूपूर्व जबाबाला पुरावा म्हणून मोठं वजन, पण तो शक्यतो तिच्याच भाषेत, प्रश्न-उत्तर स्वरूपात, ती शुद्धीवर आहे या डॉक्टरच्या शेऱ्यासह हवा. भाषांतर झालं असेल तर कुणी केलं त्याचं नाव कागदावर हवं, कारण त्याला साक्षीला यावं लागतं. कोल्हापूरला नेलेली बाई तिथे वारली तर तिचा जबाब आणि शवविच्छेदन मराठी मुलखात होतं, खटला मात्र बहुधा बेळगाव जिल्ह्यातच, आणि सगळे कागद भाषांतरित होऊन जातात. त्या भाषांतराची एक प्रत वकिलानं मूळ मराठीशी ओळ न् ओळ ताडून घ्यावी.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत मृत्यू असेल तर पंचनामा नुसत्या पोलिसांनी उरकायचा नसतो, कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा एसी (असिस्टंट कमिशनर), यांच्याकडून चौकशी होते. त्यांच्यापुढे आई-बापाचा जबाब होतो तेव्हा ते दुःखात असतात, ‘आता काय सांगायचं’ म्हणतात, आणि ‘संशय नाही’ असं लिहिलं जातं. मग महिन्याभरानं हुंड्याची मागणी सांगितली की उलटतपासणीत ‘हे आधी का नाही सांगितलं?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. मृतदेह दहनाला घाई करू नये. फाशी आणि गळा आवळणं यांतला फरक अंगावर राहतो: लटकल्याचा वळ सहसा हनुवटीखाली वर तिरका चढलेला आणि अपुरा, आवळल्याचा आडवा, खाली, पूर्ण गोल. जाळल्यावर हे बघायला उरत नाही.

घराच्या चार भिंतींत बाई मेली आणि नवरा घरातच होता, तर काय घडलं ते त्यानं सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठासून सांगितलं. तिथे साप चावल्याचं सांगितलं होतं, शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. मात्र तो त्या वेळी घरात होता हे आधी सरकारी पक्षानंच सिद्ध करायचं असतं. इथे शेजारीण फुटते. तिची साक्ष दंडाधिकाऱ्यापुढे लवकर नोंदवून घेतली तर फुटणं अवघड जातं. मराठी साक्षीदाराचं म्हणणं कोर्टाच्या भाषेत लिहिलं तरी ते त्याला कळेल अशा भाषेत समजावून मागायचा हक्क आहे. लाजू नये, मागावा.

शिक्षेच्या टप्प्यावर नाराजी जास्त, आणि बरीचशी गैरसमजातून. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता, आधीच्या घटनेला जुनं दंडविधान. खुनाला (कलम १०३) जन्मठेप किंवा फाशी. हुंडाबळीला (कलम ८०) सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, फाशी नाही. नुसत्या छळाला (कलम ८५) तीन वर्षांपर्यंत. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते, तिथे मुलांची अवस्था, दंडातून भरपाई हे सरकारी वकिलाकडून मांडून घ्यावं. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज वेगळा. सासू, दीर, नणंद सुटतात ते बहुधा ‘सगळ्यांनी मिळून छळ केला’ या वाक्यामुळे. कुणी काय केलं ते माणसागणिक लिहिलं नसेल तर कोर्ट त्यांना धरत नाही, आणि त्यात कोर्टाचं चुकतं असं म्हणता येत नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा पारावरचा कायदा. जन्मठेप आयुष्यभराची असते. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. हुंडाबळीच्या जन्मठेपेला मात्र ही चौदाची अट लागत नाही, कारण त्या गुन्ह्याला फाशी नाही. म्हणून पुरावा खुनाचा असताना आरोपपत्र फक्त हुंडाबळीचं असेल, तर दोन्ही कलमं लावून घ्यायला आरोप निश्चितीच्या आधीच भांडावं.

अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाडच्या खंडपीठात. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली, तर माहेरचे स्वतः अपील करू शकतात. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र त्यांना अपील नाही, ते फक्त सरकारनं करायचं. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत हातात आली की त्याच आठवड्यात जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी.