मुलांचं स्कीचं सामान सीझनभर भाड्याने घेतलं: पाच महिने आणि तीन सुट्ट्यांनंतर

२०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोन्ही मुलांसाठी स्की, बूट आणि काठ्या अख्ख्या सीझनसाठी भाड्याने घेतल्या. नाताळ, फेब्रुवारी आणि ईस्टर अशा तीन सुट्ट्या त्यांवर काढल्या. सामान परत करून झालं, तेव्हा आता मोकळेपणाने लिहिते. थोरली दहा वर्षांची, धाकटा सात. दोघांनाही स्की जेमतेम जमतं, आणि आम्हाला जाता येतं ते फक्त शाळेला सुट्टी असते तेव्हा, म्हणजे सगळं जग जातं तेव्हा.

आदल्या वर्षी सामान डोंगरावर पोचल्यावर घेतलं होतं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या एकदमच पोचतात, आणि सगळ्यांनाच त्याच दोन तासांत बूट हवे असतात. दीड तास रांगेत उभे राहिलो. धाकटा कुणीतरी नुकत्याच काढलेल्या ओलसर बुटात पाय घालून रडत होता, आणि दुकानातला मुलगा बिचारा घामाघूम. घाईत दिलेला बूट सकाळी चावायला लागला, पुन्हा रांग, आणि नऊचा स्की-स्कूलचा वर्ग बुडाला. सहा दिवसांच्या सुट्टीतली एक सकाळ गेली. सीझनचं भाडं भरताना मी पैशांचा हिशेब केलाच नाही, सकाळींचा केला.

त्या हिशेबात सौदा उत्तम ठरला. नोव्हेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, रिकाम्या दुकानात मापं दिली. स्कीच्या बुटाचं माप पायाच्या लांबीवर, सेंटीमीटरमध्ये असतं. रोजच्या बुटाचा नंबर इथे कामाचा नाही. दुकानातल्या बाईंनी बुटातलं मऊ अस्तर बाहेर काढलं, धाकट्याला नुसत्या कवचात उभं केलं आणि अंगठा पुढे टेकवून टाचेमागे बोटं घालून पाहिली. दोन बोटं सैल जातात म्हणजे मुलासाठी ठीक, तीन गेली तर बूट मोठा. आई म्हणून आपला हात आपसूक मोठ्या मापाकडे जातो, ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून. स्कीच्या बुटात ते करू नका. टाच आत उचलली जायला लागली की मूल वळूच शकत नाही, आणि आपण मात्र पोर घाबरतंय असं समजत बसतो. मोजेही एकच जोडी, पातळ. दोन जोड्या घातल्या की पाय उलट जास्त गार पडतात, कारण रक्त खेळायला जागा उरत नाही.

सीझनच्या मध्ये एकदा बूट फुकट बदलून मिळतील, असं करारात होतं. मुलांसाठी घेत असाल तर ही अट नसेल तिथून उठा. नाताळात धाकट्याचा पाय २१ होता, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोजला तर पावणेबावीस. बहुतेक बुटांत २१ आणि २१.५ ला बाहेरचं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापाने बदलून फारसं काही हाती लागत नाही. आम्ही २२.५ घेतला.

आणि इथेच घोळ झाला. दुकानाने बूट बदलून दिला, स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट जिथे अडकवतात तो भाग, मात्र तसंच ठेवलं. बुटाच्या टाचेजवळ बाजूला तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. जुन्यावर २५२, नव्यावर २६२. दहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण बूट बाइंडिंगमध्ये बसेना. नशीब, घरी सतरंजीवर घालून बघायची बुद्धी झाली, निघायच्या दोन दिवस आधी. पडल्यावर स्की सुटते ती बाइंडिंगवरच्या आकड्याप्रमाणे, आणि तो आकडा वजन, उंची, वय, स्कीतली तयारी आणि ही तळव्याची लांबी यांवरून ठरतो. म्हणून नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर आणलाच होता, तो परत ठेवायला लावला. दुकानात पुन्हा खेप झाली. आता बूट बदलताना स्की सोबत नेतेच, आणि दोन्ही एकमेकांत अडकवून दाखवल्याशिवाय दुकानातून हलत नाही.

स्कीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उभी धरली की हनुवटी ते नाकापर्यंत आली पाहिजे, नवशिक्याला थोडी आखूडच बरी. जानेवारीत ओल्या पिशवीत आठवडाभर तशाच राहिल्या आणि कडांवर गंज चढला. चूक सर्वस्वी माझी. आता फडक्याने पुसून उघड्या ठेवते. बुटांचं अस्तर रोज रात्री बाहेर काढते, पण हीटरवर ठेवत नाही. हेल्मेट भाड्याने घेतलं नाही. आधी कुणी त्यात आपटलंय का, हे बाहेरून कळत नाही. दोघांना नवीन घेतली, आत ‘ईएन १०७७’ हे स्कीच्या हेल्मेटचं युरोपियन मानक लिहिलेलं बघून.

सामान घरी आहे म्हणून गर्दी कमी होत नाही, हेही सांगते. लिफ्टची रांग तीच, स्की-स्कूलच्या जागा त्याच. त्या आम्ही मुक्कामाच्याही आधी धरतो, कारण खोली कुठेतरी मिळते, मुलांच्या वर्गात जागा मिळत नाही. आल्प्समध्ये जाणार असाल तर फक्त आपल्या शाळेचं कॅलेंडर बघून चालत नाही. फ्रान्सची हिवाळी सुट्टी ए, बी, सी अशा तीन विभागांत चार आठवड्यांवर पसरलेली असते आणि काही आठवडे दोन विभाग एकदम सुट्टीवर असतात. त्यात ब्रिटनच्या शाळांची फेब्रुवारीची सुट्टी बहुधा महिन्याच्या मध्यावर येते. आम्ही या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि आमच्या सुट्टीतला त्यातल्या त्यात मोकळा आठवडा पकडला. शिवाय शनिवारऐवजी रविवारी पोचलो. सामान गाडीतच होतं म्हणून हे जमलं, नाहीतर रविवारी संध्याकाळी दुकान उघडं मिळेल का, ही धाकधूक राहिली असती.

ईस्टरने मात्र पकडलं. करारात परतीची तारीख १५ एप्रिल, आणि २०२५ मध्ये ईस्टर होता २० एप्रिलला. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, हे मला ठाऊक होतं. सही करताना आठवलं नाही. मुदत वाढवून मिळाली, पण वेगळे पैसे घेऊन आणि वर थोडं ऐकवून. इतक्या उशिरा बर्फही तसाच: सकाळी काचेसारखा कडक, दुपारनंतर चिखल. उंचावरचं ठिकाण घेतलं होतं म्हणून निभावलं. मुलं साडेनऊला उतारावर असायची आणि एकला परत. तिथेही सामान आधीच तयार असल्याचा फायदा झाला, कारण सगळी मजा त्या साडेतीन तासांतच होती.

वर्षातून एकच आठवडा जाणाऱ्यांनी हे करू नये. विमानाने जाणाऱ्यांनीही नको, स्कीची पिशवी वाहून नेण्यातच वैताग. आणि घरात जागा लागते. आमच्या जिन्याखाली पाच महिने दुसरं काहीच मावलं नाही. दोन किंवा जास्त सुट्ट्या, गाडीचा प्रवास आणि वाढत्या वयाची मुलं असतील तर जरूर घ्या. आम्ही मोठ्यांनी अजून डोंगरावरच भाड्याने घ्यायचं ठेवलंय, आमचे पाय काही वाढत नाहीत. रांगेत एकटा नवरा उभा राहतो.

धाकट्याचा पाय परवा पुन्हा मोजला, २२.५ पूर्ण भरलाय. थोरलीने मोजू दिला नाही. तिला आता स्नोबोर्ड हवाय.