आल्बारिन्यो घ्यावी की विन्यो व्हेर्दे?

दोन्ही वाईन एकाच नदीच्या दोन काठांवरच्या. मिन्यो नदीच्या उत्तरेला स्पेनमधला गालिसिया, तिथली आल्बारिन्यो (द्राक्षाचं नावही हेच), आणि दक्षिणेला पोर्तुगाल, तिथली विन्यो व्हेर्दे. दोन्ही आंबटसर, फळांच्या वासाच्या, थंडगार प्यायच्या, त्यामुळे पहिला घोट घेतला की वाटतं काय फरक पडतो, कुठलीही घ्या. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

विन्यो व्हेर्देचा इतिहास मला जास्त आवडतो हे आधीच सांगतो. 1908 मध्ये ती जिथे बनते त्या प्रदेशाची हद्द ठरली, आणि पूर्वी तिथले शेतकरी द्राक्षाचे वेल बांधावरच्या झाडांवर चढवायचे, म्हणजे मधली जमीन पिकाला मोकळी. अल्कोहोलही कमी, 9 ते 11 टक्क्यांच्या आसपास, भर उन्हाळ्यात दुपारी प्यायला खरंच छान.

पण तो फेस! जिभेवर हलकं चुरचुरतं ना, तेच. पूर्वी बाटलीत मागाहून होणाऱ्या आंबवण्यातून तो आपोआप यायचा, आता बहुतेक स्वस्त बाटल्यांत भरतानाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. मी वाईन हळू पितो, गप्पा मारत, आणि दर वेळी हेच व्हायचं की पहिला ग्लास मस्त आणि अर्ध्या तासाने दुसरा ओतला की बुडबुडे गेलेले, खाली लिंबूपाण्यासारखं काहीतरी उरलेलं. उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी काढली तर प्यावीशीच वाटायची नाही. चारपाच वेळा असं झाल्यावर मी वैतागलो.

आल्बारिन्योचं नेमकं उलटं. ग्लासात जरा कोमट झाली की पीच, जर्दाळूचा वास वर येतो आणि शेवटी खारट चव राहते, समुद्राजवळची म्हणूनच असेल असं मला आपलं वाटतं. रियास बाइशासमध्ये (गालिसियातला आल्बारिन्योचा प्रदेश, 1988 पासून अधिकृत नाव) वेल ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडवासारखे चढवतात, कारण पाऊस फार, आणि घोसांखालून वारा खेळता राहिला की बुरशी कमी धरते. एवढा खटाटोप करून पिकवलेलं द्राक्ष, त्याला चवीसाठी बुडबुड्यांची गरजच पडत नाही. दुसऱ्या दिवशीही ती बरी लागते, कधीकधी तर जास्तच बरी.

आता तुम्ही आठदहा जणांत बाटली लगेच संपवणार असाल तर विन्यो व्हेर्दे घ्या, खुशाल घ्या, माझी तक्रार तुम्हाला लागूच होणार नाही. आणि पोर्तुगालचीच हवी पण हळू प्यायची असेल तर लेबलवर मोन्साओं आणि मेल्गासो ही तिथल्या गावांची नावं आणि अल्व्हारिन्यो हा शब्द शोधा, द्राक्ष तेच आहे, फक्त नदीच्या पोर्तुगालकडच्या बाजूचं, अंगाने जरा भरलेलं आणि बहुतेक वेळा फेसाशिवाय. मी स्वतः मात्र हल्ली दोघांतिघांसाठी बाटली उघडायची असली की आल्बारिन्योच काढतो.