16 जीबीचे पैसे घेतले, लॅपटॉपमध्ये घातली 8 जीबी

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने माझ्याकडून 5,600 रुपये घेतले. 8 जीबीच्या दोन रॅमचे 4,800, 'बायोस अपडेट'चे (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) 600, बसवायचे 200. नंतर लॅपटॉप खोलला तर आत 4 जीबीच्या दोन जुन्या स्टिक, वर 8 जीबीची लेबलं चिकटवलेली. नखाने खरवडलं की खालचं खरं लेबल दिसतं. माझ्या मूळच्या 2-2 जीबीच्या स्टिक त्याने ठेवून घेतल्या, त्या वेगळ्याच. जुनी रॅम कधीही दुकानात सोडू नका.

लॅपटॉप 2010 च्या काळातला, कोअर आय3-370एम प्रोसेसरचा. माझं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं काम. सीझनमध्ये कोरलड्रॉ आणि फोटोशॉप एकत्र उघडले की मशीन अडकायची. नवीन घ्यायला पैसे असते तर त्या दुकानाची पायरी चढलोच नसतो.

दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप परत आणायला गेलो तेव्हा त्याने स्वतः स्क्रीनवर माहिती उघडून दाखवली. तिथे 8 जीबी लिहिलेलं होतं. मी विचारलंही, "16 कुठे आहे?" तर म्हणे, "काकाजी, बाकीची ग्राफिक्सला जाते ना! तुमच्यात वेगळं कार्ड कुठे आहे?" आठ जीबी ग्राफिक्सला! तिथेच त्याला धरायला हवं होतं. तो आकडा आठवला की अजून डोकं तापतं. पण अशा लॅपटॉपचं ग्राफिक्स रॅममधूनच थोडी जागा घेतं हे खरं आहे, आणि खऱ्यात मिसळलेली थाप काउंटरवर उभ्या उभ्या कोणाला ओळखू येणार? शिवाय मशीन खरंच आधीपेक्षा वेगाने चालत होती. 4 च्या जागी 8 झाल्यावर चालणारच. खालच्या स्क्रूवर त्याने कागदी सील लावलं होतं, 'फाडलं तर वॉरंटी नाही.' असं सील दिसलं तर त्याच्यासमोरच फाडा.

इंटेलच्या साइटवर या प्रोसेसरची रॅमची मर्यादा सरळ लिहिलेली आहे: 8 जीबी. रॅम सांभाळणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असतो, त्यामुळे बायोस अपडेटने ती दुप्पट होत नाही. म्हणजे 600 रुपये ज्या कामाचे घेतले, त्याने काहीच होणार नव्हतं. 16 जीबी या मशीनवर चालणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मशीनला झेपेल तेवढी घालायची आणि न झेपणाऱ्याचे पैसे घ्यायचे, हाच त्याचा धंदा. त्याच बाजारात 4 जीबीची जुनी स्टिक मला 350 ला सांगितली. म्हणजे 700 चा माल.

पैसे द्यायच्या आधी सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवायला लावा. त्यातल्या 'एसपीडी' नावाच्या पानावर प्रत्येक स्लॉटमधली स्टिक किती जीबीची ते वेगवेगळं दिसतं. तिथे लेबल कामाचं नाही.

परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "आमचा माल नाही हा." पोलीस ठाण्यात म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगात जा. बनावट लेबल लावून माल विकणं दिवाणी कसं? साधा अर्जसुद्धा घेईनात. दुकानदाराने बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, म्हणून मलाच सुनावलं. बिल न देणारा दुकानदार मोकळा आणि बिल न मिळालेला गिऱ्हाईक गुन्हेगार! दुसऱ्या एका कार्यालयात बाबूने स्टिक हातातही घेतल्या नाहीत, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला?" म्हणाला. त्याच्या पगारातून 5,600 कापले असते तर रक्कम एवढीशी राहिली असती का?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. मी तक्रार लिहायला घेतली आहे. दोन्ही स्टिक, अर्धवट निघालेल्या लेबलांसकट, आणि '16 जीबी रॅम' लिहिलेली त्याच्या अक्षरातली चिठ्ठी जोडणार आहे. अशी चिठ्ठी तुमच्याकडे असेल तर फेकू नका, आणि लेबल पूर्ण खरवडू नका.