उदाहरणवाक्यांतून इंग्रजी: गंगापूर रोडवरील एका वर्गाचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवर भरणाऱ्या संध्याकाळच्या एका छोट्या वर्गात मी आणि माझी आई गेले तीन महिने रोजच्या वापरातले इंग्रजी शिकत आहोत. येथे व्याकरणाचा नियम आधी सांगितला जात नाही. बाई फळ्यावर सात-आठ वाक्ये लिहितात आणि त्यांतून नियम आपणच शोधायचा असतो.

या पद्धतीचे मोल मला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ शिकताना कळले. मराठीत ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘पासून’ पुरतो, म्हणून आपण इंग्रजीतही सर्रास ‘सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स २०१५’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’ ही वाक्ये एकाखाली एक पाहिल्यावर, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’, हे आईने बाईंच्या आधी सांगितले. तिचा तो आनंद पाहिल्यावर फी मला मुळीच जास्त वाटली नाही.

शब्दही वाक्यातूनच येतात: उसने घेताना ‘बॉरो’, देताना ‘लेंड’.

मात्र ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ एकाच तासात उरकले, हे मला पटले नाही. मराठीत अशी उपपदे नसल्यामुळे आपली खरी अडचण तिथेच असते. ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण निवड अक्षरावर नव्हे तर उच्चारावर ठरते, हे ठसायला आणखी वाक्ये हवी होती. ती पुढच्या आठवड्यात देण्याचे बाईंनी मान्य केले आहे.