हेडलाइटचा रिले किट: पैसे टाकण्याआधी मल्टिमीटर लावा

हॅलोजन हेडलाइटच्या जुन्या गाडीला बाहेरून लावायच्या इलेक्ट्रिक वस्तूंपैकी पैसे खात्रीने वसूल करून देणारी वस्तू आमच्या मते एकच: हेडलाइटचा रिले किट. रिले म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. किट लावला की मूळ वायर फक्त रिलेला इशारा देते आणि दिव्याचा करंट बॅटरीतून जाड वायरने थेट येतो. किट साधारण हजार-दीड हजारात येतो, तासा-दोन तासांत बसतो. पण प्रत्येक गाडीला तो लागत नाही, आणि वाईट किट बसवण्यापेक्षा न बसवलेला बरा.

बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूज बॉक्सला, तिथून स्टिअरिंगखालच्या स्विचला आणि मग परत पुढे दिव्यापर्यंत जातो. एच-४ चा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा. दोन बल्ब मिळून ९ ते १० अँपिअर ओढतात. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे २३ मिलिओहमचा रोध असतो. अशी ५ मीटर वायर १० अँपिअर वाहत असेल, तर १.१ व्होल्ट वायरच खाते. स्विचचे काळे पडलेले पॉइंट वेगळे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के जातो. पावसाळ्यात रात्री घाटात रस्त्याची कड दिसत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून आधी मोजणी. इंजिन चालू, डिपर (खालचा, जवळचा झोत) चालू, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन बल्बच्या कपलरमध्ये (बल्बवर बसणाऱ्या प्लगमध्ये) मागच्या बाजूने डिपरच्या टर्मिनलला लावा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गळतात. मग लाल पिन बल्बच्या कॉमनला (अप्पर-डिपरच्या सामाईक पिनला), काळी बॅटरीच्या मायनसला: ही अर्थची, म्हणजे मायनसच्या वाटेची गळती. हे सगळं बल्ब पेटलेला असतानाच करायचं. कपलर काढून मोजलं की करंटच वाहत नाही, त्यामुळे कुजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा चूक होते ती इथेच.

अर्थची गळती ०.२ च्या वर असेल तर आधी हेडलाइटजवळचा बॉडी अर्थचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने खालचा पत्रा आणि थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घासा, पक्का आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च शून्य. प्लसची गळती अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर किट घेऊ नका. कंपनीने फ्यूज बॉक्समध्येच रिले दिला असेल तर असाच आकडा येतो. त्यापेक्षा काचेवरचा पिवळेपणा पॉलिश करून घ्या आणि दिव्याची लेव्हल लावून घ्या. गळती एक व्होल्टच्या आसपास गेली की मात्र किट नक्की घ्या.

किट हातात घेतल्यावर डब्यावरच्या वॅटपेक्षा वायर बघा. बॅटरीकडून येणारी मुख्य वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची आणि शुद्ध तांब्याची हवी. एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. रोध जास्त आणि टोकाला लवकर कुजणारं, ते परत करा. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले असतातच, फ्यूजही वेगवेगळे हवेत. सगळा भार एकाच फ्यूजवर असलेला किट आम्ही कुणालाही सुचवणार नाही. तो फ्यूज उडाला की अप्पर आणि डिपर दोन्ही एकदम जातात, आणि वळणावर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

हाच धोका दुसऱ्या वाटेनेही येतो. किट आपला इशारा एकाच बाजूच्या मूळ कपलरमधून घेतो. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला कंपनीचे स्वतंत्र फ्यूज असतात. किट बसवल्यावर ती सोय संपते. त्या बाजूचा फ्यूज सुस्थितीत आहे ना बघा आणि एक जादा फ्यूज गाडीत ठेवा.

बसवताना फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत यायला हवा. फ्यूज आपल्या पुढच्या वायरचं रक्षण करतो, मागच्या नाही. रिलेचे पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी साठत नाही. सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब. रिकाम्या राहिलेल्या मूळ कपलरचं तोंड बंद करून बांधा, नाहीतर पावसाचं पाणी जाऊन हिरवा गंज धरतो. अर्थ शक्यतो बॉडीच्या बोल्टला द्या. बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असलेल्या गाडीत थेट टर्मिनलला अर्थ दिला की सेन्सरचा हिशेब चुकतो. जोड क्रिम्प करून (टर्मिनल वायरवर दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). इन्सुलेशन टेप बॉनेटखालच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूने चालतो. दिवा चालू असताना कॉमन पिन आणि बॉडीमध्ये १२ व्होल्ट दिसले तर नेहमीचा किट तिथे चालणार नाही.

किट बसला म्हणून १००/९० वॅटचे बल्ब टाकू नका. दोन बल्ब मिळून १७ अँपिअरच्या घरात जातात, त्यांच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. चांगला ६०/५५ आणि पूर्ण व्होल्टेज पुरतं. एक किंमत मोजावी लागते ती बल्बच्या आयुष्याची: व्होल्टेज ५ टक्के वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

एलईडी बल्बला वायरची गळती तितकी जाचत नाही, पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये चिप्स फिलामेंटच्या नेमक्या जागी आल्या नाहीत तर उजेड वर फेकला जातो. भिंतीसमोर २५ फुटांवर गाडी उभी करा. भिंतीवर डिपरच्या उजेडाची वरची रेघ पुसट झाली तर ते बल्ब काढून टाका.

हॉर्नची जोडी घ्यायला हरकत नाही, फक्त तिलाही स्वतंत्र रिले द्या. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न मात्र नियमबाह्य आहेत.

मायलेज वाढतं असं सांगून विकली जाणारी ‘व्होल्टेज स्टॅबिलायझर’ नावाची दिवे लुकलुकणारी डबी अजिबात घेऊ नका. आत कपॅसिटर असतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टला भरला तर त्यात साधारण एक ज्यूल ऊर्जा मावते. ६० वॅटचा बल्ब तेवढी एका सेकंदाच्या साठाव्या भागात संपवतो. मायलेज वाढवायला त्यात उरतंय काय?

डॅशकॅमचं (काचेमागच्या कॅमेऱ्याचं) पार्किंग मोड गाडी बंद असताना ०.३ अँपिअर ओढत असेल तर दिवसाला ७ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून खाली येते. कट-ऑफ (कॅमेरा आपोआप बंद होण्याची पातळी) १२.२ व्होल्टवर ठेवा, वायर फ्यूज बॉक्समधून पिगीबॅक फ्यूज होल्डरने (मूळ फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणाऱ्या होल्डरने) घ्या. पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

किट बसवल्यावर दिवे २० मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिलेचे पाय आणि बॅटरीचं थिंबल हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथला क्रिम्प सैल आहे, तो कापून नवा मारायला लावा. मग तीच मोजणी पुन्हा. प्लसची गळती ०.३ च्या आत आली नाही तर वायरमनला काम अर्धवट झालंय असं स्पष्ट सांगा.