कार्डिनल टेट्रा: दहा महिन्यांच्या सहवासानंतर

पॅराकायरोडॉन या छोट्या शोभेच्या माशांच्या प्रजातीत निऑन, कार्डिनल आणि हिरवा निऑन अशा तीन जाती आहेत. पुण्यातल्या घरच्या शंभर लिटरच्या टाकीसाठी मी कार्डिनल निवडला आणि ही निवड योग्यच ठरली. निऑनला जरा गार पाणी मानवते. कार्डिनल मात्र दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो आणि ओरिनोको या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील उबदार पाण्यातला असल्याने मे महिन्यात टाकीचा पारा २९ अंशांवर गेला तरी तो खातापिता राहिला. खरेदी करताना लाल पट्टा नीट पाहावा. कार्डिनलचा पट्टा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग जातो, निऑनचा पोटाच्या मध्यापासून सुरू होतो.

सुरुवात मात्र वाईट झाली. टाकी पुरेशी मुरलेली नसताना, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात अजून रुजलेले नसताना, मी वीस मासे एकदम सोडले आणि पंधरा दिवसांत सहा गमावले. चूक माझीच होती आणि तिची हळहळ अजून वाटते.

खरा फरक पडला तो पाण्याने. आमच्या बोअरवेलचे पाणी जड आहे आणि रिओ नेग्रोचे पाणी अत्यंत मृदू, आम्लधर्मी आणि कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे चहासारखे तांबूस असते. म्हणून मी तीन भाग आरओचे पाणी आणि एक भाग बोअरचे असे मिश्रण वापरू लागलो आणि सोसायटीच्या आवारात गळणारी देशी बदामाची पाने धुऊन, वाळवून टाकीत ठेवली. महिनाभरात लाल रंग गडद झाला आणि कोपऱ्यात दबून राहणारे मासे मोकळ्या पाण्यात थव्याने फिरू लागले.

पहाटे दिवा लावण्याआधी टाकीजवळ बसून पाहावे. रात्रभरात निळी रेघ मंदावून जांभळट झालेली असते, लालही फिका पडलेला असतो आणि प्रकाश मिळाल्यावर काही मिनिटांतच, समईची वात वर सरकवावी तशी, ती रेघ पुन्हा उजळते. एवढ्यासाठी मी रोज लवकर उठतो.

तोंड फार लहान असल्याने दाणे चुरडूनच घालावे लागतात. आठवड्यातून दोनदा नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाच्या) पिल्लांवर ते अक्षरशः तुटून पडतात.

आजही बाजारातले पुष्कळ कार्डिनल ब्राझीलमधील बार्सेलोसच्या आसपास हातजाळ्यांनी पकडलेले असतात. या मासेमारीवर तिथल्या कुटुंबांची चूल पेटते, त्यामुळे असा मासा घेण्यात मला गैर वाटत नाही. पण इतक्या दूरवरून आलेल्या जिवाला आल्याबरोबर कच्च्या टाकीत सोडणे गैर आहे.

उरलेले चौदाही मासे आज ठणठणीत आहेत, फक्त प्रजनन अजून साधलेले नाही. अंड्यांना उजेड सोसत नाही, म्हणून काळ्या कागदाने झाकलेली वीस लिटरची वेगळी टाकी मी पावसाळ्याआधी लावून ठेवली आहे.