जर्मनी की जपान?

दुसऱ्या महायुद्धाच्या वारशावर प्रबंध लिहिणारी भाची या दोन देशांपैकी कोणता निवडावा यात अडकली आहे.

आधी माफी. १९७० मध्ये वॉर्सातल्या ज्यू स्मारकापुढे पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट ओल्या दगडावर गुडघे टेकून बसले, एक शब्दही न बोलता. आजही ते छायाचित्र पाहून गलबलतं. जपानतर्फे पंतप्रधान मुरायामांनी १९९५ मध्ये स्पष्ट माफी मागितली. पण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ असलेल्या टोकियोतल्या यासुकुनी मंदिरात १४ प्रमुख युद्धगुन्हेगारही पूजले जातात. पंतप्रधान तिथे गेले की बीजिंग, सोल संतापतात. माझ्या मते तिथेच माफीचं मोल घटतं.

भरपाई दोघांनीही दिली: १९५२ च्या करारानुसार इस्रायलला ३ अब्ज मार्क, १९६५ च्या करारानुसार दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलरचं अनुदान. सक्तीने राबवलेल्या कोरियन मजुरांचा प्रश्न तरी धुमसतोच.

समेट कसा घडला हे अभ्यासायचं तर जर्मनी घे. जखम का चिघळते हे शोधायचं तर जपान.